इंजिन तेच, पेट्रोल निम्मे : हायब्रिड मोटार हाकण्याच्या सवयींचा इतिहास

१/
ऑगस्ट २००५. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराजवळ पाच चालक एक टोयोटा प्रियस पाळीपाळीने, रात्रंदिवस चालवत होते. टाकी एकदाच भरलेली होती. ती संपली तेव्हा मोटारीने १,३९७ मैल, म्हणजे सुमारे २,२४८ किलोमीटर अंतर कापले होते. हिशेब निघाला गॅलनला १०९.३ मैल, भारतीय परिमाणात लिटरला सुमारे साडेशेहेचाळीस किलोमीटर.

२/
याच मोटारीसाठी अमेरिकी सरकारने जाहीर केलेला सरासरी आकडा होता गॅलनला ५५ मैल, अर्थात लिटरला सव्वातेवीस किलोमीटरांच्या आसपास. इंजिन तेच, बॅटरी तीच, आणि अंतर जवळजवळ दुप्पट. हा फरक प्रामुख्याने चालकांच्या पायाने पाडला होता. त्या पायाला हे वळण कसे लागले, याचा इतिहास शतकभराचा आहे. त्यात एक महायुद्ध आहे, एक तेलसंकट आहे, बोरघाटातील एक रेल्वे इंजिन आहे, आणि मोटारीच्या पुढ्यात बसवलेला एक छोटासा पडदाही आहे.

३/
प्रथम थोडे गणित. १,४०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असते तेव्हा तिच्या गतीत सुमारे १९४ किलोज्यूल, म्हणजे साधारण ५४ वॉट-तास ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा पेट्रोल जाळूनच मिळवलेली असते. सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन हवेत विरते. सिग्नल सुटला की तेवढीच ऊर्जा पुन्हा विकत घ्यावी लागते. गर्दीच्या शहरात हा व्यवहार दिवसातून शेकडो वेळा होतो.

४/
दुसरा खर्च हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास वेग २५ टक्क्यांनी वाढतो. हवेचा विरोध मात्र ५६ टक्क्यांनी. इंधन वाचवण्याच्या साऱ्या युक्त्या या दोन वाक्यांत सामावतात : मिळवलेली गती वाया घालवू नये, आणि गरजेपेक्षा अधिक गती मिळवू नये. यांतील पहिल्या वाक्यासाठी यंत्राची मदत घेता येईल, हे मात्र मोटारीच्या बालपणीच काहींच्या ध्यानात आले होते.

५/
व्हिएन्नातील लोनर यांच्या कारखान्यात तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली ‘सेम्पर विव्हस’ ही मोटार घडवली. या लॅटिन नावाचा अर्थ ‘सदैव जिवंत’. तिची पेट्रोल इंजिने चाके फिरवत नसत. ती वीज निर्माण करीत आणि चाकांच्या तुंब्यांत बसवलेल्या विद्युत मोटारी गाडी ओढत. पेट्रोल आणि वीज यांची जोडी जमवणाऱ्या आरंभीच्या मोटारींत तिची गणना होते. कल्पना चतुर होती, पण गाडी जड आणि महाग होती.

६/
पुढे पेट्रोल मोटार सोपी झाली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे कष्ट संपले. पेट्रोलही स्वस्त होते. दोन यंत्रे एका गाडीत बसवण्याचा खटाटोप कोणी करावा? संकरित मोटार मागे पडली आणि ब्रेकमध्ये वाया जाणाऱ्या गतीची चिंता रस्त्यावर कोणाला उरली नाही.

७/
रुळांवर मात्र ती चिंता जिवंत होती आणि तिचे एक उत्तर सह्याद्रीत सापडते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पुरे केले. बोरघाटाचा चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र. तेथील मालगाड्यांसाठी १९२८ पासून आलेल्या, सांधेजोड अंगाच्या विद्युत इंजिनांना कर्मचारी ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना या इंजिनांच्या मोटारी जनित्रासारख्या फिरत, गाडीला रोखून धरत आणि निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत सोडत.

८/
उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी यावी, असा हा हिशेब. आज प्रत्येक हायब्रिड मोटारीच्या माहितीपत्रकात ‘रीजनरेटिव्ह ब्रेकिंग’ हा शब्द झळकतो. त्यामागचे तत्त्व कर्जत-लोणावळ्याच्या घाटात प्रियसच्या जन्माआधी सात दशके राबत होते. फरक इतकाच की रेल्वेच्या डोक्यावर तार होती. मोटारीला ती वीज सोबतच्या बॅटरीत ठेवावी लागणार होती.

९/
रस्त्यावरची काटकसर त्या काळी यंत्रापेक्षा माणसाकडून अपेक्षित होती, आणि ती प्रथम खेळ म्हणून आली. १९३६ साली गिल्मोर या तेल कंपनीने लॉस एंजेलिसपासून योसेमिटीपर्यंत कमीत कमी पेट्रोलमध्ये मोटार नेण्याची शर्यत सुरू केली. युद्धानंतर ती ‘मोबिलगॅस इकॉनॉमी रन’ या नावाने पुन्हा भरली आणि १९६८ पर्यंत चालली. जड गाड्यांवर अन्याय होऊ नये म्हणून निकाल गाडीचे वजन धरून लावला जाई. कंपन्या त्या निकालांची जाहिरात करीत.

१०/
१९३९ मध्ये इलिनॉय राज्यातील वुड रिव्हर येथे शेलच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी आपसांत पैज लावली : एका गॅलनमध्ये कोण सर्वांत दूर जातो? विजेत्याचा आकडा होता ४९.७३ मैल, लिटरला सुमारे २१ किलोमीटर. त्याच पैजेतून पुढे ‘शेल इको-मॅरेथॉन’ उभी राहिली. थोडा वेळ इंजिन चालवून वेग घ्यायचा, मग ते बंद करून गाडी नुसती घरंगळू द्यायची, ही या स्पर्धेतील प्रसिद्ध युक्ती. ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा पुनर्जन्म होणार आहे.

११/
मग खेळाची सक्ती झाली. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातील रबराचे मळे ताब्यात घेतले. १९४२ मध्ये अमेरिकेत ताशी ३५ मैलांची, म्हणजे ५६ किलोमीटरांची ‘विजय वेगमर्यादा’ आली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरपासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. त्यामागे पेट्रोलपेक्षाही टायर वाचवण्याचा हेतू अधिक होता. सर्वसाधारण नागरिकाच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम तीन-चार गॅलन पेट्रोल येई.

१२/
ब्रिटनमध्ये हे रेशनिंग १९३९ ला सुरू झाले आणि युद्ध संपल्यावरही १९५० पर्यंत टिकले. भारतातही युद्धकाळात पेट्रोलवर निर्बंध आले. बस आणि मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या आणि त्यांच्या वायूवर गाड्या धापा टाकीत चालल्या. हळू चालवणे, ब्रेक कमी वापरणे, उगाच फेरी न मारणे ही त्या पिढीची देशसेवा होती. तथापि सक्तीने लागलेली सवय सक्तीबरोबरच गेली. पेट्रोल मुबलक झाले आणि गाड्या पुन्हा मोठ्या व तहानलेल्या झाल्या.

१३/
दुसरा धक्का ऑक्टोबर १९७३ चा. अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला. पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने अमेरिकेत ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा आणली. चालकांना ती कधीच मनापासून रुचली नाही. १९८७ मध्ये ती सैल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. पायाला कायद्याने शिकवण्याचा हा सर्वांत मोठा प्रयोग नाराजीतच संपला.

१४/
याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर वाउक हे अभियंते वेगळ्या वाटेने निघाले होते. कादंबरीकार हर्मन वाउक यांचे हे बंधू. त्यांनी चार्ल्स रोझन यांच्यासह ब्युइक स्कायलार्क मोटारीत रोटरी इंजिन आणि विद्युत मोटार एकत्र बसवली. स्वच्छ मोटारींच्या सरकारी योजनेखाली तिची अ‍ॅन आर्बर येथे तपासणी झाली. धुराच्या कसोटीला ती उतरली, पण सरकारी पाठबळ मिळाले नाही आणि प्रकल्प थांबला. हायब्रिड मोटारीची वेळ आणखी वीस वर्षे दूर होती.

१५/
तेलसंकटाने एक साधे उपकरण मात्र लोकप्रिय केले. इंजिनात हवा आत ओढली जाते त्या नळीत पोकळी किती आहे, हे दाखवणारी तबकडी. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की पोकळी घटे आणि काटा ‘उधळपट्टी’कडे झुके; पाय हलका ठेवला की ‘काटकसरी’कडे. आकडा अचूक नव्हता. पण चालकाला आपल्या पायाचा परिणाम त्याच क्षणी डोळ्यांनी दिसू लागला. पेट्रोल पंपावरचे बिल आठवड्याने येते. तोवर कोणत्या चुकीचे किती पैसे पडले, हे कोण सांगणार?

१६/
भारतात १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजेच पीसीआरए स्थापन झाली. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवा’, ‘सिग्नलला इंजिन बंद करा’, ‘टायरमधील हवा तपासा’ हे तिचे संदेश पिढ्यान्‌पिढ्या वाहनचालकांच्या कानी पडत आले. उपदेश अचूक होता. उणीव एकच होती : तो पाळला तर नेमके किती वाचले, हे गाडी सांगत नव्हती.

१७/
१९९३ मध्ये टोयोटाने एकविसाव्या शतकाच्या मोटारीसाठी ‘जी २१’ प्रकल्प हाती घेतला. ताकेशी उचियामादा यांच्याकडे त्याची सूत्रे आली. आधी ५० टक्के सुधारणेचे लक्ष्य होते. वरिष्ठांनी ते दुपटीवर नेले. साध्या इंजिनाने ते गाठणे अशक्य होते, म्हणून हायब्रिडचा मार्ग धरला गेला. १९९५ च्या अखेरीस तयार झालेली पहिली चाचणीगाडी ४९ दिवस जागची हललीच नाही. आणि हलली तीही काहीशे मीटर.

१८/
अखेर १० डिसेंबर १९९७ रोजी प्रियस जपानमध्ये विक्रीला आली. दुसऱ्याच दिवशी क्योटोत हवामानविषयक करार संमत झाला. जपानी चाचणीनुसार ती लिटरला २८ किलोमीटर जात होती. ब्रेक दाबताच तिची विद्युत मोटार जनित्र होई आणि वीज बॅटरीत जाई. सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडे. पीसीआरएच्या उपदेशातील निम्मी कामे आता मोटार स्वतःच करू लागली होती. उरलेली निम्मी चालकाची होती.

१९/
त्यासाठी तिच्या पुढ्यात, मधोमध एक पडदा होता. इंजिनाची शक्ती कोठे जाते आहे, बॅटरी भरते की रिकामी होते, हे तो बाणांनी दाखवी. दर पाच मिनिटांच्या इंधनखर्चाचा एक स्तंभ उभा राही. ब्रेकमधून ५० वॉट-तास वीज परत मिळाली की एक छोटे चिन्ह उमटे. वरच्या गणितातील ५४ वॉट-तास आठवावेत : ताशी साठवरून पूर्ण थांबण्याची साधारण तेवढीच किंमत. ब्रेकमध्ये काय जाते, हे सामान्य चालकाला आता आकड्यांत दिसू लागले.

२०/
या चिन्हांनी एक गोड गैरसमजही पेरला. चिन्हे जितकी जास्त तितकी बचत जास्त, असे नव्या चालकांना वाटे. खरे गणित उलट आहे. गती विजेत बदलते, वीज बॅटरीत शिरते, बॅटरीतून निघते, पुन्हा गती होते. प्रत्येक टप्प्यावर दहा टक्के गळती धरली तरी चार टप्प्यांनंतर सुमारे ६६ टक्केच हाती उरते. ब्रेकमधून परत मिळणारी वीज म्हणजे बुडीत कर्जाची आंशिक वसुली. मुळात कर्जच कमी द्यावे, हे अधिक शहाणपणाचे. म्हणून जाणकार दूरवरचा लाल दिवा पाहूनच पाय उचलतात.

२१/
दुसरा गैरसमज ‘विजेवर चालवले म्हणजे फुकट’ हा. चार्जिंगची तार नसलेल्या हायब्रिडमधील प्रत्येक वॉट-तास शेवटी पेट्रोलमधूनच आलेला असतो. मुंगीच्या पावलाने नुसत्या बॅटरीवर गाडी रेटली, तर ती बॅटरी पुढे इंजिनालाच भरावी लागते, आणि तेही गळती सोसून. इंजिन मध्यम भाराखाली सर्वांत कार्यक्षम असते. म्हणून सिग्नल सुटल्यावर ना झेप घ्यावी, ना रांगावे. मध्यम जोराने हव्या त्या वेगाला पोहोचावे आणि मग पाय हलका करावा.

२२/
यातूनच ‘पल्स अँड ग्लाइड’ ही पद्धत रुळली. त्या पिढीच्या प्रियसमध्ये ताशी सुमारे ६५ किलोमीटरांखाली इंजिन पूर्ण थांबू शकत असे. चालक ताशी साठपर्यंत वेग घेई, मग अ‍ॅक्सिलरेटर अशा बेताने धरी की पडद्यावरील सारे बाण विझावेत : इंजिनही नाही, बॅटरीचीही देवघेव नाही, गाडी केवळ मिळवलेल्या गतीवर सरकते आहे. वेग पन्नासकडे आला की पुन्हा एक झोका. इको-मॅरेथॉनमधील जुनी युक्ती बाजारातल्या मोटारीत अशी अवतरली. पिट्सबर्गच्या विक्रमामागेही हीच होती.

२३/
त्या पाच चालकांत इलिनॉयचे वेन गर्डेस होते. ‘हायपरमायलिंग’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. २००८ मध्ये पेट्रोल भडकले तेव्हा न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने ‘हायपरमाइल’ हाच वर्षाचा शब्द ठरवला. काही हौशी चालकांचा छंद एकाएकी घरोघरी चर्चेला आला. युद्धातील सक्ती आणि सत्तरच्या दशकातील कायदा यांना जे साधले नाही, ते चढ्या बिलाने आणि छोट्या पडद्याने काही काळ साधले.

२४/
छंदाची विकृतीही झाली. हवेचा विरोध टाळण्यासाठी ट्रकच्या अगदी पाठीला चिकटून जाणे, उतारावर गाडी न्यूट्रल करणे, वळणावर ब्रेकच न लावणे असे प्रकार घडू लागले आणि सुरक्षेच्या कारणाने त्यांच्यावर कडक टीका झाली. हायब्रिडमध्ये तर न्यूट्रल दुहेरी नुकसानीचे : ताबा सैल होतो आणि बॅटरीत परत जाणारी वीजही थांबते. वाचलेल्या पावलिटरासाठी जीव पणाला लावणे, हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही.

२५/
घाटात आणखी एक मर्यादा उघडी पडते. १,४०० किलोची मोटार खंडाळ्याच्या बाजूने ५०० मीटर उतरली तर सुमारे १.९ किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसची सबंध बॅटरी सुमारे १.३ किलोवॉट-तासांची, आणि तीही पूर्ण वापरली जात नाही. यातील काही ऊर्जा हवा आणि टायर खातात, तरी लांब उतारावर बॅटरी भरून जाते. मग इंजिनाच्या रोधाचा आधार घ्यावा लागतो. प्रियसमध्ये त्यासाठी गिअरचे वेगळे स्थान आहे. बोरघाटाच्या खेकड्याला डोक्यावरची तार होती, तिचे मोल येथे कळते.

२६/
कंपन्यांनीही धडा घेतला. २००९ च्या होंडा इनसाइटमध्ये चालक संयमाने चालवी तेव्हा वेगदर्शकामागे हिरवा प्रकाश पडे, घाई केली की निळा. फोर्ड फ्युजन हायब्रिडच्या पडद्यावर काटकसरीबरोबर वेलीला पाने फुटत. एप्रिल २००९ मध्ये गर्डेस आणि सहकाऱ्यांनी ही फ्युजन एका टाकीत १,४४५.७ मैल नेली. सरासरी गॅलनला ८१.५ मैल. अधिकृत सरासरी होती ३९. युक्त्या त्याच : स्थिर वेग, पुढच्या गाडीपासून अंतर, सिग्नलकडे घरंगळत जाणे, चढाआधी गती राखणे, एसीचा बेताने वापर.

२७/
याच्या उलटही घडत होते. अनेक प्रियसमालकांची तक्रार होती की जाहीर आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. २००८ च्या मॉडेलांपासून अमेरिकेने चाचणीत जास्त वेग, एसी आणि थंड हवामान यांचा समावेश केला. परिणामी प्रियसचा आकडा ५५ वरून ४६ वर आला. म्हणजे एकच मोटार कोणाच्या हाती ४६ देत होती, तर कोणाच्या हाती १०९.

२८/
भारतात हा आकडा प्रामुख्याने पुण्याशी जोडलेला आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ या संस्थेचे नाव प्रत्येक ग्राहकाच्या तोंडी असते. चाचणीत मोटार रुळांवर, म्हणजे फिरत्या लाटांवर उभी असते. चालक आखून दिलेल्या वेगरेषेबरहुकूम ती चालवतो. एसी बंद असतो. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड विटारा हायब्रिडचा असा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो मोटारीची तुलना करण्याचे माप आहे. मालकाला दिलेले वचन नव्हे.

२९/
शंभर वर्षांच्या या प्रवासात सक्ती आली आणि गेली, कायदा आला आणि गेला. मागे राहिली ती जागच्या जागी मिळणारी जाणीव. पाय दाबला की पडद्यावर स्तंभ खाली येतो, उचलला की वर जातो, आणि चालक हळूहळू दोनशे मीटर पुढे पाहू लागतो. लाल दिवा, उतार, रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले, सारे वेळेत दिसते.

३०/
म्हणून पडद्यावरील ५० वॉट-तासांची चिन्हे मोजताना, न उमटलेली चिन्हेही मोजावीत. जो ब्रेक दाबावाच लागला नाही, त्याची नोंद कोणतीही मोटार दाखवत नाही. पिट्सबर्गच्या त्या २,२४८ किलोमीटरांत अशाच न दाबलेल्या ब्रेकांचाही वाटा होता.